मोकळी तारीख

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी चहासोबत मेलेल्या माणसांची हजेरी घ्यायचे. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. शाळा सुटली, पण हजेरीची खोड काही सुटली नाही. मुरुमहून पेपर आला की पहिलं पान तसंच ठेवायचं, आतला दिनविशेषाचा कोपरा गाठायचा आणि स्वैपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचं, "आज चौघं हायेत बरं का. एक राजा, एक गायक, दोन पुढारी. गर्दी झाली." एखाद्या दिवशी एकटाच कुणी निघाला, तर म्हणायचे, "आज ह्यांना ऐसपैस हाय." जसं काही सगळे एस.टी.नं निघालेत आणि हे कंडक्टर.

मी आपली भाकरी थापत ऐकायची. बाईमाणसाला सकाळच्या पारी कान बंद करायला फुरसत कुठं असते? त्यामुळं कोणत्या तारखेला कोण गेलं, हे मला फुकटात पाठ झालं. माहेरी गेले की भाऊ चेष्टा करायचा, "ताई, तुझ्या सासरी जिवंत माणसं बी हायेत का?"

मामांचा एक सिद्धांत होता. तो ते कुणालाही ऐकवायचे; दूधवाल्यालासुद्धा. "तारखा वर्षाच्या त्या तेवढ्याच. मरणारे ढीगभर. मग एका तारखेला तिघं-चौघं येणारच. मग ती तारीख कुणाची? जो सगळ्यात मोठा त्याची. बाकीचे उभ्यानं."

आमच्या भागात थंडीत, उसाच्या गाड्या रस्त्यावर असतात तेव्हा, अशी एक तारीख येते. त्या दिवशी तिघं गेलेले. एक देशाचे पुढारी, एक समाजसुधारक बाई आणि एक परदेशी शास्त्रज्ञ. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, काळही वेगळा. पुढाऱ्यांचा कार्यक्रम गावोगाव होतो, बाईंच्या फोटोला शाळेत हार पडतो आणि शास्त्रज्ञाला पेपरात अर्धी ओळ मिळते. मामांना त्या शास्त्रज्ञाची फार कीव यायची.

"काय कमी केलं गं त्यानं? सगळी हयात दुर्बिणीला डोळा लावून बसला. पण मेला चुकीच्या दिवशी."

"पण मामा, तो तर पुढाऱ्यांच्या कितीतरी आधी गेलेला. जागा त्यानं आधी धरली की."

"त्यात रिझर्व्हेशन चालत न्हाय," मामा म्हणाले.

आणि गंमत अशी, की त्या शास्त्रज्ञाला उभं ठेवण्यात मामांचा स्वतःचा हात होता. पंचक्रोशीत कुणाचीही पुण्यतिथी असो, भाषण मामांचं. शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या ऑफिसात. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, खिशाला पेन. भाषण एकच. जन्म गरीब कुटुंबात झाला, लहानपणापासून हुशार, पुढं अपार कष्ट, मग त्याग, आणि शेवटी यांचा आदर्श आपण डोळ्यासमोर ठेवला पाहिजे. नाव तेवढं बदलायचं. एकदा मी घरी आल्यावर म्हटलंच, "मामा, आज तुम्ही राजाचा जन्म बी गरिबाच्या घरी करून टाकलात."

"ऐकतंय कोण?" मामा म्हणाले. "सगळ्यांचं ध्यान चहाकडं."

हा सगळा हसण्यावारी न्यायचा मामला होता. तो हसण्यावारी राहिला नाही, त्याला कारण त्यांचा चुलतभाऊ. हे गृहस्थ आमच्या गावचे बरीच वर्षं सरपंच होते. गावात नळ आणला, शाळेला खोल्या बांधल्या, स्मशानभूमीला पत्रे घातले. आणि बिचारे गेले ते नेमके त्याच तिघांच्या तारखेला. पहिल्या पुण्यतिथीला पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. वर तिघांचे टोलेजंग फोटो, आणि खाली कोपऱ्यात सरपंच, लिंबाएवढे. लोक आले, वर बघून हात जोडले, खाली बघायला कुणाची मान वळेना. भाषण अर्थातच मामांचं. पुढाऱ्यांवर बोलले, बाईंवर बोलले, आणि "आता आपल्या लाडक्या सरपंचांविषयी" असं म्हणेस्तोवर चहा आला. लोक उठले. ज्या माणसानं गावात नळ आणला, त्याच्या वाट्याला त्या नळाच्या पाण्याचा चहासुद्धा पुरता आला नाही.

त्या दिवशी मामा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि बाजेवर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर उठेनात. मला वाटलं, ऊन लागलं. थंडीत कसलं ऊन! मग म्हणाले, "पोरी, माझा दिवस मोकळा पाहिजे."

"कसला दिवस?"

"मरायचा."

मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नका. ते काय तुमच्या हातात हाय होय?"

"माझ्या न्हाय. म्हणून तर तुला सांगतोय. तू ध्यान ठेव." आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं, वर्गात फळ्यावर गणित समजावून द्यावं तसं. त्या तिघांच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख मोकळी आहे. कुणीच गेलेलं नाही. पेपर बघितले, कॅलेंडर बघितलं, सगळं धुंडाळून झालंय. मी त्यांच्यासमोर मोबाईलवर शोधलं, तर एक निघाला. कुठल्याशा दूरच्या मुलखातला राजा. मामा क्षणभर नाराज झाले. मग म्हणाले, "परदेशी चालतो. त्याला आपल्या गावात कोण हार घालतंय?"

मला हसू फुटलं. पण त्यांच्याकडं बघितलं आणि हसू तोंडातच राहिलं. डोळे भरले होते म्हाताऱ्याचे. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोला हार घातला गं," म्हणाले. "वर्षातनं एक दिवस चार माणसांनी नुसतं माझं नाव घ्यावं. कोपऱ्यात न्हाय. मधी." मी म्हटलं, "बरं, ठेवते ध्यान." सुनेनं सासऱ्याला काय काय शब्द द्यावे लागतात बघा! पण दिला. आणि खरं सांगते, मला तो माणूस फार आवडायचा. माझ्या लग्नानंतर बी.ए.ची राहिलेली परीक्षा त्यांनीच मला द्यायला लावली होती, घरादाराशी भांडून.

पुढं काही वर्षांनी मामांची छाती भरली. ऊस तोडणी ऐन भरात होती. आमचे हे शेतात, टोळी आलेली, ट्रॅक्टर उभा. मीच मामांना घेऊन उमरग्याला गेले, हायवेच्या कडेच्या एका दवाखान्यात. दोन-तीन दिवस बरं चाललं, मग एकदम बिघडलं. सकाळी डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरच्यांना बोलावून घ्या. आजचा दिवस काही..."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तिघांचीच तारीख.

"आज न्हाय, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आज काहीपण करा, पण आज न्हाय. उद्या चालंल."

डॉक्टर तरुण होते. चष्मा काढून पुसला. "अमावस्या वगैरे आहे का आज?"

"तसलं काही मानत न्हाय आमी. आज गर्दी हाय."

डॉक्टरांनी मागं वळून वॉर्डाकडं बघितलं. दोनच पेशंट होते. मला ते समजावत बसायला वेळ नव्हता. आत आले तर मामा तोंडावरच्या मास्कमधनं माझ्याकडंच बघत होते. बोटानं विचारलं, कितवी? मी सांगितली. त्यांनी मान हलवली, नाही नाही अशी. आणि उशीत डोकं घट्ट रोवलं. वर्गात न उठणारं द्वाड पोरगं बाकाला धरून बसतं, अगदी तसं.

तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. त्यात बाहेर चौकात पुढाऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. कर्ण्याचं तोंड नेमकं दवाखान्याकडं. वक्ता रंगात आला होता. पुढारी लहानपणी शाळेत कसे पोहून गेले, पाण्याला कसे भ्याले नाहीत, असं सांगत होता. मामांची बोटं हलायला लागली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी मास्क बाजूला ओढला आणि धाप लागत म्हणाले, "ती गोष्ट... ह्यांची न्हाय. दुसऱ्याची हाय."

"मामा, गप पडा. तुमचं बी तसंच असायचं."

ते हसले. देवाशप्पथ हसले. नर्सनं धावत येऊन मास्क लावला आणि मलाच रागावली.

संध्याकाळी आमचे हे आले, उसाच्या पाचटानं हात खरचटलेले. "कसं हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "बसा. आजचा दिवस काढायचाय." त्यांना वाटलं, डॉक्टर तसं म्हणाले असतील. बापलेकात तारखांचा विषय कधी निघाला नव्हता. तो विषय सासऱ्याचा आणि सुनेचा.

रात्र गेली. सकाळी चहाच्या वेळेला मामांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "तारीख?"

"बदलली, मामा."

"पेपर?"

मी स्टँडवर पळत गेले, पेपर आणला, बाजूला उभं राहून दिनविशेष वाचला. कुणीच गेलेलं नव्हतं. "एकाचा जन्म हाय फक्त," मी म्हटलं.

"जन्म चालतो," मामा म्हणाले. दुपार व्हायच्या आत ते गेले.

आता लाज वाटते सांगायला, पण मला आधी आनंदच झाला. जिंकलो, असं वाटलं. माणूस गेल्याचं काही डोक्यात शिरेचना. गाडी बोलावणं, फोन करणं, गावाकडं निरोप, दवाखान्याचा कागद, आणि ज्याला त्याला मी ठासून सांगत होते, "आज गेले हो, काल न्हाय. आज." बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरनं बघत होते, की कुणी चुकून कालची तारीख तर सांगत नाही ना. भावकीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "सुनेच्या डोळ्यात टिपूस न्हाय बघा." मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना काय ठाऊक, मी कसली राखण करून बसले होते.

वर्ष सरत आलं. मी मनात सगळं योजून ठेवलं होतं. फोटो मधी, एकटाच. चार माणसं बोलवायची. कुणीतरी दोन शब्द बोलायचे. आणि एका संध्याकाळी भटजी आले, पाटावर बसले, पंचांग उघडलं आणि म्हणाले, "वर्षश्राद्ध ह्या सोमवारी येतंय."

"ह्या सोमवारी कसं?" मी म्हटलं. "तारीख त्याच्यापुढं दहा-अकरा दिवसांनी हाय."

"तारखेनं असेल, बाई. तिथी सोमवारी येते. तिथी दरवर्षी मागं-पुढं सरकते."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिथी! आमच्या घरात सगळं तिथीनं. आजेसासऱ्यांचं श्राद्ध तिथीनं, सासूबाईंचं तिथीनं. आणि दरवर्षी सोवळं नेसून ते करायला बसायचे कोण, तर मामाच! पंचांग स्वतः बघायचे, भटजीला चुका दाखवायचे. आणि हाच माणूस सगळ्या जगाच्या मरणाच्या तारखा तोंडपाठ करून बसला, दवाखान्यात बाकाला धरून तारीख ओलांडली, आणि आपलं श्राद्ध घरचे लोक तिथीनं घालणार हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. मला तरी कुठं आलं होतं? इतकी वर्षं मी त्या श्राद्धाचा स्वैपाक करत होते की. मोठ्यांसाठी तारीख, घरच्यांसाठी तिथी. आणि आम्ही दोघांनी मिळून मामांना मोठ्यांत धरलं होतं.

मी कॅलेंडर बघितलं. सोमवारी कोण? दोघं होते. एक संत आणि एक स्वातंत्र्यसैनिक. गेले का मामा परत गर्दीत!

आमच्या ह्यांच्याशी भांडले. "तारखेलाच करायचं," म्हटलं.

"तारखेला कोण करतं? आपल्यात तिथीच हाय."

"मामांची इच्छा होती."

"कधी म्हणाले? मला तर न्हाय म्हणाले."

दवाखान्यातलं सगळं सांगितलं, तर ते माझ्याकडं डॉक्टरसारखंच बघायला लागले. शेवटी सोमवारीच झालं. जेवायला गाव लोटलं, मी नाही म्हणत नाही. पण चौकात स्वातंत्र्यसैनिकांचा कार्यक्रम होता. त्याचा कर्णा दिवसभर आमच्या पत्रावळीवर वाजत होता. एक पुढारी दोन्हीकडं हजेरी लावायला आले. आमच्या अंगणात मामांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि सवयीनं स्वातंत्र्यसैनिकांना अभिवादन करून गेले. भटजी निघताना म्हणाले, "पुढच्या वर्षी तिथी आणखी सरकेल हां, लक्ष ठेवा." म्हणजे दरवर्षी नवा शेजारी. मामांना कायमची बदलीच लागली म्हणायची.

पण मी शब्द दिला होता. तारीख उजाडली तशी सकाळी अंगण झाडलं, सडा घातला, मधोमध खुर्ची मांडली, तिच्यावर मामांचा फोटो ठेवला आणि झेंडूचा हार घातला. लोकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पण आदल्या दिवशी म्हणजे तिघांच्या तारखेला. सगळे दिवसभर चौकात बसून दमलेले. आताचे सरपंच म्हणाले, "वहिनी, कालच तर झालं की सगळं." शाळेचे सर म्हणाले, "आज जरा जिवावर आलंय." चुलत जाऊ भिंतीपलीकडनं म्हणाली, "अगं, जेवण घातलंस ना तिथीला? आता आणि काय?" आमचे हे उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेलेले. मामांना चार माणसं पाहिजे होती. तारीख इतकी मोकळी निघाली, की एक माणूस येईना.

मी उंबऱ्यात बसले. रागाचं म्हणाल तर डोकं भणभणत होतं. गावावर, भावकीवर, आणि सगळ्यात जास्त मामांवर. म्हटलं, घ्या आता मोकळी तारीख. पसरा पाय!

तेवढ्यात रस्त्यानं टेम्पो आला आणि आमच्या दारात थांबला. मुरुमचा मंडप-स्पीकरवाला. मागं खुर्च्या, गाद्या, कर्णे, कालच्या कार्यक्रमांचं सगळं सामान लादलेलं. हा मामांच्या हाताखाली शिकलेला. किती वेळा नापास झाला त्याचा हिशेब त्याच्याकडंही नसेल. उतरला, चप्पल काढली, फोटोसमोर वाकला.

"आज गुरुजींचा दिवस ना, वहिनी?"

"तुम्हाला कसं म्हाईत?"

"मागच्या साली तिघांचं आवरून दुसऱ्या दिवशी घरी आलो, तवा कळलं. त्याच दिवशी गेले ना? ध्यानात राहिलं." आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "बरं झालं बघा, काल न्हाय गेले. काल मला पाच ठिकाणी बुकिंग. मरायला फुरसत नव्हती. काल असतं तर माझं येणं झालंच नसतं."

एक माणूस. मामांनी उशीत डोकं रोवून अख्खा एक दिवस मरण थोपवलं, ते ह्या एका माणसासाठी कामी आलं.

त्यानं रिकामं अंगण बघितलं. काही विचारलं नाही. टेम्पोतनं मशीन काढलं, आमच्या खिडकीतनं वायर घेतली, एक कर्णा पत्र्यावर बांधला आणि माईक माझ्या हातात दिला. "बोला वहिनी. गुरुजी न्हाईत, मग दुसरं कोण बोलणार?"

"मी? मी काय बोलू?"

"गुरुजी बोलायचे तसंच बोला की."

मी उभी राहिले. पदर सावरला. इतकी वर्षं ऐकलेलं भाषण, त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ. जन्म गरीब कुटुंबात झाला, म्हणायला तोंड उघडलं. त्यांच्या बाबतीत तर ते खरंच होतं! पण तोंडातनं निघालं भलतंच. "हॅलो, हॅलो," मी म्हटलं, आणि माझाच आवाज सगळ्या गावावरनं फिरून माझ्याकडं परत आला. "आज आमच्या मामांचा दिवस हाय. आज दुसरं कुणी न्हाय. नुसते आमचे मामा."

पुढं कर्ण्यातनं नुसता माझा श्वास ऐकू जात होता. भिंतीपलीकडनं जावेनं घाबरून डोकं वर काढलं. गल्लीतली दारं उघडली. सकाळच्या वेळी अचानक कर्णा वाजला, की गावाला एकच शंका येते.

"अगं, कोण गेलं?" जाऊ ओरडली.

माईक माझ्या तोंडाशीच होता. "मामा गेले," मी म्हटलं. "आमचे मामा गेले हो." आणि वर्षभर न आलेलं रडू मला तिथं आलं, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.